हाताने विणलेली लोकरी टोपी : पार्श्वभूमी

हिवाळ्यासाठी स्वतःच्या हातांनी टोपी विणणे हा आज निवांत वेळेचा छंद मानला जातो. या टोपीचा इतिहास मात्र बराचसा पोटापाण्याचा, सरकारी हुकमांचा आणि युद्धांचा आहे. निव्वळ आनंदासाठी ती विणली जाऊ लागली, ही गोष्ट तुलनेने अलीकडची आहे.

सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने नमुने म्हणून इजिप्तमध्ये सापडलेल्या, अकराव्या ते चौदाव्या शतकांदरम्यानच्या सुती मोज्यांकडे बोट दाखवले जाते. सुमारे 1400 मधल्या एका जर्मन वेदीचित्रात (चर्चच्या वेदीवर लावायच्या चित्रात) येशूची आई मेरी चार सुयांवर लहान मुलाचा अंगरखा गोल विणताना दिसते. ज्या गोल विणीवर बिनशिवणीची टोपी उभी राहते, ती युरोपात तोवर रुळलेली होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

इंग्लंडमध्ये पंधराव्या-सोळाव्या शतकांत टोप्यांचा मोठा धंदा उभा राहिला. टोपी मुद्दाम मापापेक्षा मोठी आणि सैल विणत, मग भिजवून, कुटून, आटवून ती इतकी घट्ट करत की टाके दिसेनासे होत आणि पावसाचे पाणी सहजासहजी आत शिरत नसे. नमद्याच्या, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेल्या जाड कापडाच्या, हॅटची फॅशन आली आणि या धंद्याला उतरती कळा लागली. तेव्हा 1571 मध्ये कायदा झाला की, सहा वर्षांवरील प्रत्येकाने रविवारी व सणाच्या दिवशी देशातच तयार झालेली विणलेली लोकरी टोपी घालावी, अन्यथा दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड भरावा. या कायद्याची आज बहुधा विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून थट्टा होते. ती रास्त नाही. लोकर निवडणारे, पिंजणारे, कातणारे, विणणारे, कुटणारे, रंगवणारे, कातरणारे अशा सुमारे पंधरा प्रकारच्या कामकऱ्यांची यादी त्या कायद्यात आहे. एका टोपीमागे किती हात राबत होते, याची इतकी तपशीलवार कबुली त्या काळात क्वचितच आढळते. कायद्याची खरी खोट वेगळीच होती. सरदार, जमीनदार आणि उच्चकुलीन स्त्रिया यांना त्यातून सूट होती, त्यामुळे धंदा जगवण्याचा भार नेमका सामान्यांच्या डोक्यावर आला आणि लोकरी टोपी ही खालच्या दर्जाची खूण ठरली. अंमलबजावणी जेमतेमच झाली आणि 1597 मध्ये कायदा रद्द झाला. दरम्यान 1589 च्या सुमारास मोजे विणणारे यंत्र निघाले होते. पुढे यंत्रांचा पसारा वाढत गेला, तसे हातविणकाम धंद्यातून हटत घरात शिरले.

घरातही ते लगेच छंद झाले नाही. 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धात थंडीत अडकलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी घरोघरी लोकरीचे कपडे विणले गेले. माकडटोपीचे इंग्रजी नाव त्याच युद्धातल्या एका रणक्षेत्रावरून पडले. दोन्ही महायुद्धांत टोप्या, मोजे आणि गळपट्टे विणणे हे स्त्रियांचे आणि शाळकरी मुलांचे देशकर्तव्य ठरवले गेले. नॉर्वेत तर उलटा प्रकार घडला. तिथे लाल विणलेली टोपी जर्मन ताब्याविरुद्धच्या निषेधाची खूण बनली आणि 1942 च्या फेब्रुवारीत तिच्यावर बंदी आली. टोपी सक्तीने घालायला लावणारा कायदा आणि टोपी सक्तीने उतरवणारा हुकूम यांपैकी दुसऱ्याची आठवण अधिक ठेवली जावी, असे वाटते.

युद्धानंतर कारखान्यातल्या कपड्यांची रेलचेल झाली आणि हाताने विणण्याची गरज उरली नाही. गरज संपल्यावरच आनंदाला मोकळी जागा मिळाली, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तरुण पिढी सुयांकडे वळली, नमुने इंटरनेटवरून हातोहात फिरू लागले आणि त्यांत टोपी आघाडीवर राहिली. कारण उघड आहे. पन्नास ते शंभर ग्रॅम लोकरीत आणि थोड्याच संध्याकाळींत ती पुरी होते. गोल सुईवर टाके घालून बॉर्डरपुरते उलट-सुलट विणले की पुढे साधा नमुना असेल तर नुसते सुलट टाके. नजर दुसरीकडे गेली तरी बोटे चालू राहतात. खरी गंमत माथ्यापाशी येते. टाक्यांचे आठ सारखे भाग पाडून प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणत घट सुरू केली की कडा आपोआप वळू लागतात आणि टोपीवर पाकळ्यांसारखी नक्षी उमटते. घेर आवळत गेला की गोल सुई पुरत नाही आणि दोन्ही बाजूंना टोक असलेल्या सुया घ्याव्या लागतात, म्हणजेच त्या जुन्या वेदीचित्रातली पद्धत. शेवटच्या आठ टाक्यांतून धागा ओवून आवळला की माथा मिटतो.

अलीकडे रुग्णालयांतल्या नवजात बाळांसाठी आणि केमोथेरपीने केस गेलेल्या रुग्णांसाठीही टोप्या विणून दिल्या जातात. त्यांसाठी टोचणारी जाड लोकर टाळून मऊ सूत किंवा बारीक लोकर वापरली जाते, आणि टोपी वारंवार धुता येईल याकडे विशेष लक्ष दिले जाते.