वेदर रेडिओ सॅटेलाइटवर चालत नाही
कॅनू (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) घेऊन लांब जंगलात जाणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलाय, की वेदर रेडिओ, म्हणजे सतत हवामानाचा अंदाज ऐकवणारा छोटा रेडिओ, सोबत असला की कुठेही हवामान ऐकू येतं, कारण तो म्हणे सॅटेलाइटवर चालतो. नाही हो! अमेरिकेतला नोआचा (तिथल्या सरकारी समुद्र आणि हवामान संस्थेचा) वेदर रेडिओ जमिनीवरच्या टॉवरवरून येतो, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ, ७ चॅनल, आणि रेंज टॉवरपासून साधारण ६५ किलोमीटर, तेही मधे डोंगर आडवा आला नाही तर. ते ९५ टक्के कव्हरेज म्हणतात ना, ते लोकसंख्येचं आहे, जमिनीचं नाही, आणि आपण तर मुद्दाम माणसं नसतात तिथेच जातो. खोलगट जागी नुसती खरखर येते, उंचावर चढून अँटेना पूर्ण बाहेर काढून सगळे चॅनल फिरवून बघा, कधीकधी लागतो. नाहीच लागला तर सॅटेलाइट मेसेंजरवर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्रावर, अंदाज मागवा.