मोटारसायकलचे पासिंग : तपासणी आणि नेहमी आढळणारे दोष

मोटारसायकल रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आणि कायद्याने योग्य आहे की नाही, हे ठरावीक मुदतीने अधिकृतपणे तपासण्याच्या पद्धतीस योग्यता तपासणी म्हणतात. महाराष्ट्रात तिला सर्रास ‘पासिंग’ म्हटले जाते. या तपासणीत इंजिन किती दमदार आहे किंवा गाडी आणखी किती वर्षे टिकेल हे पाहिले जात नाही. त्या दिवशी, गाडीचा कोणताही भाग न उघडता, जे डोळ्यांना दिसते आणि हाताला जाणवते तेवढ्यावर निकाल दिला जातो. म्हणून तपासणीत दोष निघणे आणि गाडी बेभरवशाची असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक दोष कारखान्यातून आलेले नसून झिजणारे भाग वेळेवर न बदलल्याने निर्माण झालेले असतात, आणि कोणता भाग आधी झिजेल हे गाडीच्या कंपनीपेक्षा रस्ता, पाऊस, ओझे आणि मालकाच्या सवयी यांवर अधिक अवलंबून असते.

मोटारसायकलची दरवर्षी तपासणी करण्याची पद्धत ग्रेट ब्रिटनमध्ये रुळलेली आहे. तेथे ‘एमओटी’ ही वाहनतपासणी १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या वाहनांसाठी सुरू झाली आणि १९६७ पासून ही मर्यादा तीन वर्षांवर आणण्यात आली. २० मे २०१८ पासून आढळलेल्या दोषांची धोकादायक, मोठा आणि किरकोळ अशी वर्गवारी केली जाते. पहिल्या दोन वर्गांतील दोष असल्यास वाहन नापास होते. जर्मनीत मोटारसायकलची तपासणी दर दोन वर्षांनी होते. जपानमध्ये २५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना ती लागू नाही. त्याहून मोठ्या नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. ब्रिटनच्या नोंदींत मोटारसायकल नापास होण्याच्या कारणांमध्ये दिवे व सिग्नल यांचा गट सर्वांत वर असतो. ब्रेक, स्टिअरिंग-सस्पेन्शन आणि टायर हे त्याखालचे मोठे गट होत.

भारतात खासगी मोटारसायकलची अशी वार्षिक तपासणी होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार तिची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते, आणि त्यानंतर गाडी निरीक्षकासमोर उभी करून नोंदणीचे नूतनीकरण दर वेळी पाच वर्षांसाठी करावे लागते. त्यासाठीचा नमुना २५ मधील अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो. मोटारसायकलच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले. याउलट आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू व प्रवासी वाहनांना दर दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्या वाहनांना दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे सातारा जिल्ह्यात एमएच-११ (सातारा) किंवा एमएच-५० (कऱ्हाड) क्रमांकाची दुचाकी पहिल्यांदा पासिंगला येते तेव्हा तिच्यात पंधरा वर्षांचे दोष एकत्र साठलेले असतात. ब्रिटनमध्ये वर्षाला एकेक करून पकडले जाणारे दोष येथे एका सकाळी एकदमच समोर येतात, एवढाच काय तो फरक.

जिल्ह्याच्या भूगोलाचा या दोषांशी थेट संबंध आहे. पश्चिमेकडील महाबळेश्वर येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण तालुक्यात तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. पश्चिमेच्या गाड्यांना गंज खातो आणि पूर्वेच्या गाड्यांना धूळ. मधल्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांबरोबर शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर येतो आणि तो सुकल्यावर चेन व ब्रेकमध्ये शिरतो. बाराही महिने गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवून डेअरी गाठणाऱ्यांच्या गाड्यांचा तर वेगळाच वर्ग करावा लागेल.

ब्रेक हा तपासणीतील सर्वांत गंभीर भाग होय. १०० ते १२५ सीसीच्या साध्या गाड्यांना बहुधा ड्रम ब्रेक असतात. ड्रमच्या आतील शूवरील लायनर (ड्रमवर घासून चाक थांबवणारे अस्तर) झिजले की पायातील पॅडल अधिक खाली जाऊ लागते. मिस्त्री मागच्या रॉडचा नट आवळून देतो आणि ब्रेक पुन्हा लागतो. असे तीन-चार वेळा केले की आवळायला जागा उरत नाही. बऱ्याच गाड्यांच्या ड्रमवर झीज दाखवणारा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपलीकडे गेला तर शू बदलण्याला पर्याय नसतो, मात्र हा बाण कोणी पाहत नाही. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर असल्याने पसरणी घाटात काही किलोमीटरच्या वळणांत सहाशे मीटरचा उतार उतरावा लागतो. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडून हा घाट उतरण्याची सवय पुष्कळांना आहे. अशा वेळी इंजिनाचा अडसर नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि लायनरवर कठीण, चकाकणारा थर चढतो. असा ब्रेक सपाट आवारात तपासताना ठीक वाटतो आणि घाटात ऐन वेळी कमी पडतो. डिस्क ब्रेकमध्ये पॅडची जाडी बाहेरून दिसते, हा तपासणीच्या दृष्टीने फायदा आहे. मात्र त्यातील ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते व त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सर्व नव्या दुचाकींना जोडब्रेक प्रणाली (एक ब्रेक दाबताच दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी) किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), आणि त्यावरील गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे. एबीएसचा दिवा गाडी धावू लागल्यानंतरही विझला नाही, तर तो दोष समजावा.

पुढच्या भागात कोन सेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) आणि शॉकअप (पुढच्या चाकाचे धक्के शोषणारे पाइप) हे दोन भाग पाहिले जातात. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलायचे आणि हँडल हलक्या हाताने दोन्ही बाजूंना फिरवायचे. मध्यावर ते अडकल्यासारखे वाटले तर कोन सेटच्या वाट्यांमध्ये गोळ्यांचे खड्डे पडले आहेत असे समजते. शॉकअपचे चाकाजवळचे पाय धरून पुढेमागे हलवल्यावर खडखडले तर तो सेट सैल आहे. शॉकअपच्या चकचकीत पाइपवर तेलाचे कडे दिसणे हे सील फुटल्याचे लक्षण होय. जावळी-महाबळेश्वर भागात पाइपवर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि ते नव्या सीललाही काही दिवसांत फाडतात, त्यामुळे नुसते सील बदलून भागत नाही. किटल्या वाहणाऱ्या गाड्यांत मागील चाकाचे आरे सैल होणे, रिम आउट म्हणजे वाकडी होणे आणि स्विंग आर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश जाणे हे दोष एकत्रच आढळतात. मागचे चाक हाताने आडवे हलवले की ते कळतात.

दिव्यांचे दोष संख्येने सर्वाधिक आणि खर्चाने सर्वांत स्वस्त असतात. मागच्या ब्रेकचा दिवा पॅडलजवळच्या लहान स्विचवर चालतो; चिखल बसून किंवा स्प्रिंग तुटून तो स्विच बंद पडतो, आणि चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा दिसत नसल्याने हा दोष महिनोन्‌महिने तसाच राहतो. इंडिकेटर गंजलेल्या होल्डरमुळे किंवा चेसिसला असलेली अर्थिंग सुटल्यामुळे बंद पडतात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. त्याऐवजी बाजारातील प्रखर एलईडी बसवला असेल तर त्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, आणि तोही दोषच ठरतो.

टायरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर असावी लागते, तर ब्रिटनमध्ये मोठ्या मोटारसायकलसाठी ती १ मिलिमीटर आहे. आपल्याकडे टायर अगदी गोटा झाल्यावरच बदलण्याची रीत आहे. नक्षी शिल्लक असूनही बाजूला भेगा पडलेला, वापराविना कडक झालेला टायर मात्र मालकाच्या नजरेतून सुटतो.

चेन आणि चकत्या (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाके) हा भाग धुळीचा पहिला बळी. मागच्या चकतीवरील चेन बोटांनी मागे ओढल्यावर ती दातांपासून सुटत असेल, किंवा दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील, तर पूर्ण सेट बदलावा लागतो. एकटी चेन बदलल्यास जुन्या चकत्या तिला लवकर संपवतात. साध्या गाड्यांचे बंद चेन कव्हर धूळ अडवते, हे खरे असले तरी चेनची अवस्थाही तेच झाकून ठेवते.

खासगी दुचाकीची वारंवार होणारी एकमेव सक्तीची चाचणी म्हणजे पीयूसी, अर्थात धुरातील प्रदूषणाची तपासणी. बीएस-४ व बीएस-६ (भारत स्टेज या प्रदूषण मानकांच्या) गाड्यांसाठी हे प्रमाणपत्र एक वर्षाचे आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी सहा महिन्यांचे असते. एप्रिल २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकींना निष्क्रिय गतीत (गाडी उभी असून इंजिन चालू असताना) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४,५०० पीपीएम (दर दहा लाख भागांत ४,५०० भाग) आहे. माण-खटावच्या धुळीत एअर फिल्टर कोंदला की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, प्लग काळा पडतो आणि आकडा वर जातो. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर पिस्टन रिंग झिजून ऑइल जळत आहे असे समजावे. फिल्टर बदलून तो धूर जात नाही.

तपासणीच्या नोंदींवरून कोणती कंपनी विश्वासार्ह हे ठरवणे जोखमीचे आहे. ब्रिटनमध्ये मोटारसायकल अनेकदा हौसेची आणि कोरड्या हवेत काढण्याची गाडी असते, तर साताऱ्यात तीच शेत, डेअरी, शाळा आणि बाजार यांची कामकरी गाडी असते. शिवाय तपासणीपूर्वी बल्ब बदलणाऱ्या मालकाचा दोष नोंदीत येतच नाही, आणि भंगारात गेलेली गाडी तपासणीला येत नाही. क्लच प्लेट, टायमिंग चेन, स्टेटर कॉइल यांसारखे जे भाग बिघडल्यावर माणूस घाटात अडकतो, ते या तपासणीत पाहिले जात नाहीत.

गाडीची ओळख पटवणे हाही तपासणीचा भाग असतो. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक करण्यात आली आहे, त्यामुळे ४१४१ चा ‘दादा’ करणाऱ्या पाट्यांना नूतनीकरणात जागा नाही. चेसिस क्रमांक बहुधा गाडीच्या गळ्यावर, कोन सेटजवळ कोरलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला छाप कागदपत्रांशी ताडून पाहतात. पावसाळी भागातील गाड्यांत नेमका याच जागी रंग उडून गंज धरतो आणि एखादा आकडा कागदावर उमटत नाही. मग दिवे, ब्रेक, टायर सारे ठीक असूनही त्या दिवशी पासिंग होत नाही.