घरात सापडलेली गोव्याची पोर्तुगीज नोट: दाखवायला आणण्याआधी

आमच्याकडे येणाऱ्या पोर्तुगीज नोटा बहुधा घरच्या पेटीतून निघालेल्या असतात, पोथीत नाहीतर जमिनीच्या कागदांत घडी घालून ठेवलेल्या. "हिचे किती येतील?" हा पहिला प्रश्न. ते सांगण्याआधी आम्ही नोटेवरचं प्रदेशाचं नाव आणि तारीख बघतो. तुम्हीही घरी तेवढं बघा.

१९०६ पासून गोवा, दमण आणि दीवच्या नोटा 'बांको नासिओनाल उल्त्रामारिनो' ही बँक काढत असे. पण तिच्याच नोटा मोझांबिक, मकाव आणि तिमोरमध्येही चालत. त्यामुळे नुसत्या बँकेच्या नावावर जाऊ नका, रोमन अक्षरांत 'इंडिया' शोधा.

सगळ्यात जास्त घोळ होतो ३० आणि ६० एस्कुदोंच्या (एस्कुदो म्हणजे पोर्तुगीज चलन) नोटांत. या रकमांच्या नोटा गोव्याच्याही आहेत आणि तिमोरच्याही, शिवाय दोन्हींवर तारीख एकच, २ जानेवारी १९५९. गोव्याच्या नोटेवर लांब दाढीचा आल्बुकर्क असतो, ज्याने १५१० मध्ये गोवा घेतलं. तिमोरच्या नोटेवर तिथला गव्हर्नर सेलेस्तिनो द सिल्वा.

३० आणि ६० हे आकडे विचित्र वाटतात ना? रुपिया जाऊन एस्कुदो आला, तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुदो धरले. म्हणून पाचाची नोट तिसाची झाली, दहाची साठाची, आणि पन्नास-शंभराच्या जागी ३०० आणि ६०० च्या आल्या. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, म्हणजे या मालिकेला जेमतेम तीन वर्षं मिळाली.

आम्हाला स्वतःला जास्त जीव आहे तो १९१७ च्या ४ आणि ८ तांगांच्या नोटांवर. १६ तांगांचा एक रुपिया, म्हणजे या कागदाच्या पावल्या-अधेल्याच. अशा चिल्लर नोटा हातोहात फिरून विरतात. तुमच्याकडची फाटकी असली तरी टाकून देऊ नका.

आणि कृपा करून तिला इस्त्री करू नका. गेल्या पावसाळ्यात एक काका नोट धुऊन, इस्त्री करून घेऊन आले. घड्या गेल्या होत्या, पण कागदाचा कडकपणाही गेला होता आणि छपाईची उठावदार रेघ बोटाला लागेनाशी झाली होती. चिकटपट्टी आणि लॅमिनेशनही नको. पॉलिएस्टरच्या पाकिटात सपाट ठेवा, कोकणात राहत असाल तर शेजारी सिलिका जेलची पुडी.

परदेशी नातेवाइकांना पाठवायचा विचार असेल तर आधी विचारा: शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत.

येताना नोट दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आणा. घडी असेल तर तशीच राहू द्या, ती आम्ही उघडू.