नामकरण हक्क (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल)

मैदान, स्पर्धा किंवा क्लबच्या सराव केंद्राला ठरावीक मुदतीसाठी आपले नाव देण्याचा कंपनीने विकत घेतलेला हक्क. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या (एएफएल) मुख्य स्पर्धेशी २००४ पासून टोयोटाचे नाव जोडलेले आहे. मैदानाचा करार मात्र त्याच्या मालकाशी किंवा चालकाशी होतो, आणि तो लीग, राज्य सरकार किंवा विश्वस्त मंडळ यांपैकी कोणीही असू शकतो.

मेलबर्नचे डॉकलँड्स मैदान हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. ९ मार्च २००० रोजी एसेंडन आणि पोर्ट ॲडलेड या क्लबांच्या सामन्याने ते खुले झाले, तेव्हा त्याचे नाव कलोनियल स्टेडियम होते. कलोनियल ही वित्तसंस्था त्याच वर्षी कॉमनवेल्थ बँकेने घेतली आणि मैदानावरचे नाव निरुपयोगी ठरले. २००२ मध्ये ते टेल्स्ट्रा डोम झाले, २००९ मध्ये एतिहाद स्टेडियम आणि २०१८ मध्ये मार्व्हल स्टेडियम. मूळ करारानुसार हे मैदान एएफएलला २०२५ मध्ये अवघ्या ३० डॉलरांत मिळायचे होते. लीगने तोवर न थांबता २०१६ मध्येच सुमारे २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून ते घेतले, त्यामुळे मार्व्हल नावाचा करार मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेशी लीगनेच केला.

नवे मैदान असले की प्रायोजकाचे नाव चटकन रुळते. पर्थचे सरकारी मालकीचे मैदान २०१८ मध्ये उघडले तेच ऑप्टस या दूरसंचार कंपनीच्या नावाने, ऑप्टस स्टेडियम म्हणून. जुन्या मैदानांवर ते इतके सोपे नसते. जिलाँगच्या कार्डिनिया पार्कला शेल, स्किल्ड, सिमंड्स आणि २०१८ पासून आरोग्य विमा देणाऱ्या जीएमएचबीएचे नाव मिळाले, तरी गावकऱ्यांच्या तोंडी कार्डिनिया पार्कच आहे. नाव विकल्याने क्लबला आणि मैदानाला पैसा मिळतो हे खरे, पण पिढ्यान्‌पिढ्यांची सवय त्या करारात मिळत नाही.

याच जिलाँगमध्ये हा व्यवहार खेळाडूपर्यंत पोहोचला होता. १९९९ मध्ये क्लब आर्थिक अडचणीत असताना त्याचा खेळाडू गॅरी हॉकिंगने थोड्या काळासाठी आपले नाव कायदेशीररीत्या बदलून व्हिस्कस असे केले. व्हिस्कस हे मांजरांच्या खाद्याचे नाव आणि जिलाँग क्लबचे टोपणनाव ‘कॅट्स’, म्हणून ही जोडी जमली.

एएफएलचे सामनेही जिथे होतात त्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडचे नाव मात्र विकले गेलेले नाही. तिथल्या स्टँडना पॉन्सफर्ड, शेन वॉर्न अशा खेळाडूंची नावे आहेत.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या वेळी आयोजकांच्या स्वतःच्या प्रायोजकांशी टक्कर नको म्हणून कंपन्यांची नावे झाकली जातात. २०२२ च्या टी-२० विश्वचषकात भारत-दक्षिण आफ्रिका सामना ‘पर्थ स्टेडियम’वर झाल्याचे आपण ऐकले, ते हेच ऑप्टस स्टेडियम.