राउटरओएस ७.१३ पासून वाय-फायचं पॅकेज वेगळं : अपडेट मारण्याआधी हे वाचा

लॉज, क्लास, दवाखाना किंवा ऑफिस, जिथे जिथे आम्ही मायक्रोटिकचा राउटर बसवला आहे त्या सर्व ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. विनबॉक्स (राउटरची सेटिंग बघायचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम) उघडून स्वतःच अपडेट मारणारी मंडळी आता बरीच झाली आहेत. चांगलंच आहे, आमच्या खेपा वाचतात. पण हे राउटर चालवणाऱ्या राउटरओएस या सॉफ्टवेअरच्या, डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ७.१३ या आवृत्तीपासून एक बदल झाला आहे. तो माहीत नसला की राउटर चालू, इंटरनेट चालू, केबलवरचे कॉम्प्युटर चालू आणि वाय-फाय तेवढं गायब, असा प्रकार होऊ शकतो.

नेमकं काय बदललं

७.१३ च्या आधी जुनं वायरलेस राउटरओएसच्या मुख्य पॅकेजातच होतं. आता ते ‘वायरलेस’ नावाचं स्वतंत्र पॅकेज आहे. नव्या पिढीसाठी ‘वायफायवेव्ह२’ नावाचं जादा पॅकेज मिळायचं, तेही मोडून वाटलं गेलं. त्यातला सेटिंगचा आणि नव्या कॅप्समॅनचा (अनेक वाय-फाय पॉइंट एका जागेवरून सांभाळणारी सोय) भाग मुख्य पॅकेजात गेला. रेडिओ चालवणारे ड्रायव्हर मात्र बाहेर राहिले : वाय-फाय ६ च्या मॉडेलांसाठी ‘वायफाय-क्यूकॉम’ आणि ठरावीक एसी (वाय-फाय ५) मॉडेलांसाठी ‘वायफाय-क्यूकॉम-एसी’. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. ‘आता वेगळं लायसन्स घ्यावं लागेल’ असं कोणी सांगितलं तर आधी आम्हाला विचारा.

विनबॉक्समध्ये डावीकडे ‘वायफाय’ आणि ‘वायरलेस’ अशी दोन नावं दिसतात ती यामुळेच. ‘वायफाय’ उघडून रिकामं दिसलं तर घाबरू नका. राउटर जुन्या ड्रायव्हरवर असेल तर तुमचं सगळं ‘वायरलेस’मध्येच आहे.

अपडेट करताना

राउटर ७.१२ च्या मागे असेल तर ‘चेक फॉर अपडेट्स’ ७.१२ हीच शेवटची आवृत्ती म्हणून दाखवतो. तो बिघाड नव्हे, मुद्दाम घातलेला थांबा आहे. पुढे जाताना कोणतं पॅकेज सोबत घ्यायचं हे ७.१२ ला कळतं, त्याआधीच्यांना नाही. आधी ७.१२, रीबूट, मग पुढची.

घोटाळा होतो तो फाइल हाताने टाकताना. व्हिडिओ बघून फक्त मुख्य पॅकेजची फाइल ‘फाइल्स’मध्ये ओढली, रीबूट केलं, की वायरलेस मागेच राहतं. अशा वेळी ‘सिस्टीम’मधलं ‘पॅकेजेस’ उघडा. ‘राउटरओएस’ या ओळीबरोबर वायरलेसची किंवा वायफाय-क्यूकॉमची ओळ हवी, आणि दोन्हींपुढचा आवृत्तीचा आकडा तंतोतंत सारखा हवा. ओळच नसेल तर रीसेटचं बटण कृपा करून दाबू नका. त्याने उरलेलं सेटिंगही जाईल. त्याच आवृत्तीची आणि त्याच प्रोसेसरची (आर्म, मिप्सबीई वगैरे) पॅकेज फाइल टाकून पुन्हा रीबूट करायचं असतं. ते जमत नसेल तर फोन करा.

एसी मॉडेलवाल्यांनी जरा थांबा

हॅप एसी टू, हॅप एसी थ्री, कॅप एसी ही मॉडेलं ‘वायरलेस’वर चालतात आणि नव्या ‘वायफाय-क्यूकॉम-एसी’वरही. नव्या ड्रायव्हरने डब्ल्यूपीए-३ ही वाय-फायची नवी सुरक्षा मिळतं, आणि लॉजच्या लांब व्हरांड्यात चालताना फोन एका अॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर पटकन उडी मारतो. मोह होतोच. पण जुनं सेटिंग नव्या ड्रायव्हरमध्ये आपोआप येत नाही. नाव, पासवर्ड, सगळं नव्याने भरावं लागतं. पाहुण्यांचं आणि ऑफिसचं नेटवर्क व्हीलॅनने (एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्कं ठेवायची पद्धत) वेगळं केलं असेल तर ते काम एसी मॉडेलांवर प्रत्येक अॅक्सेस पॉइंटच्या ब्रिजमध्ये जाऊन करावं लागतं, कॅप्समॅनमधून एका जागी होत नाही. शिवाय हॅप एसी टूमध्ये साठवणुकीची जागा आहे १६ एमबी. नवा ड्रायव्हर बसवला की ती काठोकाठ भरते, म्हणून जुने बॅकअप आणि हॉटस्पॉटच्या लॉगिन पानावरची मोठी चित्रं आधी काढावी लागतात.

दोन इमारतींमध्ये एनव्ही-२ (मायक्रोटिकची स्वतःची वायरलेस पद्धत; एनस्ट्रीम ही तशीच जुनी) वर लिंक जोडलेली असेल तर तिला हातच लावू नका. नवे ड्रायव्हर एनव्ही-२ आणि एनस्ट्रीम ओळखत नाहीत. चालू लिंक आहे, चालू द्या.

ज्यांच्याकडे कॅप्समॅनवर अनेक अॅक्सेस पॉइंट आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं : जुना कॅप्समॅन फक्त ‘वायरलेस’वाल्यांना सांभाळतो, नवा फक्त नव्या ड्रायव्हरवाल्यांना. एका राउटरवर दोन्ही नांदू शकतात, त्यामुळे सगळे पॉइंट एकाच दिवशी बदलायची सक्ती नाही. आमचं मत विचाराल तर नवा पॉइंट घ्याल तेव्हा तो नव्यावर जोडावा आणि जुने आहेत तिथेच ठेवावेत.

‘द ड्यूड’ (नेटवर्कवर नजर ठेवणारं) आणि ‘यूजर मॅनेजर’ (वापरणाऱ्यांची लॉगिन खाती सांभाळणारं) आधीपासूनच स्वतंत्र पॅकेजं आहेत, त्यांच्याही फाइली त्याच आवृत्तीच्या लागतात. व्हाउचर देणाऱ्या लॉजचा राउटर अजून राउटरओएस ६ वर असेल तर यूजर मॅनेजरचा जुना डेटाबेस वेगळी कमांड देऊन नव्यात आणावा लागतो. ते सुट्टीच्या हंगामात करू नका.

वार्षिक देखभाल करार असलेल्यांना आवृत्तीचं अपडेट करारातच आहे. ड्रायव्हर बदलणं हे वेगळं काम धरलं जाईल आणि त्याचा अंदाज आधी लेखी देऊ. आम्ही येण्याआधी एवढं करून ठेवा : बॅकअप आणि एक्सपोर्ट अशा दोन्ही फाइली काढून राउटरबाहेर, कॉम्प्युटरवर ठेवा, आणि ‘पॅकेजेस’च्या पानाचा फोटो नेहमीच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा.