डिब्लॉकिंग आणि एएलएफ: लांबी भरणं आणि चष्म्याचा नंबर

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर मोबाइलवर घेतलेली एक क्लिप मी एनकोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा प्रोग्राम, तपासायला हमखास वापरतो. वर राखाडी आभाळ, खाली टेट्रापॉड आणि फुटणाऱ्या लाटा. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा तो आकडा, उतरवत नेला की आधी आभाळाच्या लाद्या पडतात, कारण चित्र चौकोनी ब्लॉकमध्ये कापून दाबलं जातं. मग टेट्रापॉडच्या कडांभोवती पुसट रेघांची सळसळ सुरू होते. दुखणी दोन आणि औषधंही दोन, पण दोन्ही औषधांना ‘लूप फिल्टर’ म्हणायची पद्धत पडली आहे. वर दोघांनाही ‘ॲडॅप्टिव्ह’ हे विशेषण लागतं, त्यामुळे कामावर नव्याने आलेली मुलं ब्लॉकचे सांधे बुजवणारा डिब्लॉकिंग फिल्टर आणि ॲडॅप्टिव्ह लूप फिल्टर, म्हणजे एएलएफ, यांची सर्रास अदलाबदल करतात. गूगलच्या व्हीपी९ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये तर ‘लूप फिल्टर’ हे डिब्लॉकिंगचंच नाव आहे, मग त्यांना तरी काय बोलणार?

‘लूप’चा अर्थ दोन्हीकडे एकच. फिल्टर झालेली फ्रेम नुसती पडद्यावर जात नाही, पुढच्या फ्रेमचा अंदाज तिच्यावरूनच बांधला जातो. एमपीईजी-२ या जुन्या फॉरमॅटमध्ये हे नव्हतं. टीव्हीने चित्र दाखवताना सारवासारव केली तरी पुढचा अंदाज न सारवलेल्या फ्रेमवरच चालायचा. २००३च्या एच.२६४ने डिब्लॉकिंग लूपच्या आत घेतलं.

डिब्लॉकिंग म्हणजे रंगारी भिंतीच्या फटीत लांबी (पुट्टी) भरतो तसं. त्याला फक्त सांधा दिसतो. एच.२६४नंतरच्या हेव्हीसी या फॉरमॅटमध्ये ८×८च्या जाळीवर, ब्लॉकच्या सीमेपाशी तो दोन्हीकडचे चार-चार पिक्सेल बघतो आणि जास्तीत जास्त तीन-तीन बदलतो. आभाळाच्या एका सांध्यावर पिक्सेलांच्या उजेडाचे आकडे डावीकडे ८०, ८०, ८०, ८० आणि उजवीकडे ८८, ८८, ८८, ८८ असं आलं, तर जोरदार फिल्टरनंतर ते ८०, ८१, ८२, ८३ आणि ८५, ८६, ८७, ८८ होतं. पायरीचा उतार झाला. पण डावीकडे ४० आणि उजवीकडे २०० असेल तर तो हात लावत नाही. एवढी मोठी उडी कॉम्प्रेशनमुळे पडत नाही, तिथे बहुधा खरोखरच इमारतीची कड असते. उडी किती मोठी म्हणायची हे क्वांटायझेशन, म्हणजे दाबताना आकडे किती ढोबळ केले ते, ठरवतं, चित्र जितकं दाबलं तितकी मुभा जास्त. त्याचं ‘ॲडॅप्टिव्ह’पण एवढंच. मूळ चित्र त्याने पाहिलेलं नसतं, सगळा अंदाजाचा मामला. म्हणून तो जवळपास फुकटात पडतो: दोन-चार सेटिंग सोडल्या तर फाइलमध्ये काही लिहावं लागत नाही, डीकोडर, म्हणजे फाइल उलगडून चित्र दाखवणारा प्रोग्राम, तेच नियम लावून तेच उत्तर काढतो.

एएलएफचं काम चष्म्याच्या डॉक्टरसारखं. एनकोडरकडे मूळ फ्रेम असते आणि दाबून बिघडलेलीही. दोन्ही समोर ठेवून, बिघडलेली मूळच्या जास्तीत जास्त जवळ नेणारा भिंगाचा नंबर तो काढतो. हे गणित वीनर फिल्टरचं, गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांचं, व्हिडिओ कॉम्प्रेशन जन्मायच्या आधीचं. मग तो नंबर चिठ्ठीवर लिहून फाइलसोबत धाडतो. डीकोडर मूळ न बघता चष्मा चढवतो.

खरी गंमत पुढे आहे. अख्ख्या फ्रेमला एकच नंबर लावला तर आभाळाला चालेल, टेट्रापॉडला नाही. म्हणून २०२०च्या व्हीव्हीसीमध्ये, म्हणजे हेव्हीसीच्या पुढच्या पिढीत, प्रत्येक ४×४च्या तुकड्यातली चढउतारांची दिशा आणि गजबज मोजून त्याला २५पैकी एका वर्गात टाकतात. ही वर्गवारी डीकोडर स्वतःच करतो, तिच्यासाठी एकही बिट जात नाही. जातात ते गुणांक, म्हणजे भिंगाच्या नंबराचे आकडे. ल्युमाचा, म्हणजे उजेडाच्या थराचा, फिल्टर ७×७च्या चौकटीतला हिऱ्याच्या आकाराचा, २५ पिक्सेलांचा. तो सममित असल्यामुळे एका फिल्टरला १२ गुणांक पुरतात. तरीही २५ वर्गांचे गुणांक पाठवणं महागात जातं, म्हणून एनकोडर सारख्या वर्गांना एकाच फिल्टरखाली आणतो, नाहीतर आधीच ठरलेल्या १६ संचांतला एखादा उचलतो. फायदा नसेल त्या सीटीयूवर, म्हणजे फ्रेमच्या मोठ्या चौकोनी तुकड्यावर, फिल्टर बंदच ठेवतो. एएलएफ हेव्हीसीच्या चर्चेतही होता, पण २०१३च्या अंतिम मसुद्यात आला नाही. एव्ही१ या दुसऱ्या फॉरमॅटने वीनरची हीच युक्ती ‘लूप रिस्टोरेशन’ नावाखाली घेतली.

आणि एक, एएलएफ जादू नाही. टेट्रापॉडचा खडबडीतपणा एकदा क्वांटायझेशनमध्ये गेला की गेला. कडांभोवतीची सळसळ कमी होते, गेलेलं परत येत नाही.

माझ्या मते ‘ॲडॅप्टिव्ह’ हा शब्द शोभतो तो एएलएफला. व्हीव्हीसीमध्ये आधी डिब्लॉकिंग, मग एसएओ (पिक्सेलांचे आकडे थोडे वरखाली करणारा आणखी एक फिल्टर), शेवटी एएलएफ हा क्रमही त्याला साजेसाच: आधी लांबी भरून घ्यायची, मग उरलेली चूक मोजायची. माझ्या क्लिपवर डिब्लॉकिंग बंद केलं की आभाळ लगेच चुगली करतं. एएलएफ बंद केल्यावर डोळ्यांना चटकन काही कळत नाही, पण तेवढाच दर्जा राखायचा तर फाइल फुगते.

फिल्टर लूपमध्ये असणं म्हणजे काय, हे मी एका जुन्या लॅपटॉपवर शिकलो. एच.२६४ची क्लिप अडखळत होती, म्हणून प्लेयरमधलं ‘लूप फिल्टर वगळा’ हे बटण दाबलं. पहिली फ्रेम ठीक, दहावीही बरी. मग समुद्र हळूहळू आभाळात मिसळायला लागला, कारण एनकोडरने बांधलेला अंदाज एका चित्रावर होता आणि माझा लॅपटॉप भलतंच चित्र धरून बसला होता. पुढची आय-फ्रेम, म्हणजे आधीच्या फ्रेमवर न टेकणारी पूर्ण फ्रेम, आली तेव्हा कुठे क्षितिज जागेवर आलं.