रुमाल सोडला, पण वाचणार कोण?

आमच्या सोसायटीत पार्किंगवरून वाजलं, तेव्हा कुणाला तरी आठवलं की २००२ च्या वार्षिक सभेत याचा ठराव झाला होता. त्या वेळच्या सचिवांनी हौसेने सगळी इतिवृत्तं संगणकावर टाइप करून सीडीवर ठेवली होती. कागदी वही मध्यंतरी एका पावसाळ्यात गळतीखाली भिजून गेली. सीडी सापडली. ती वाचणारा ड्राइव्ह शोधायला दोन दिवस लागले, पण तोही मिळाला. फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं, अवतरणचिन्हं, चौकोन आणि मध्येच पौंडाचं चिन्ह. फाइलमधला एकही बाइट हरवला नव्हता, तरी एक शब्द लागेल तर शपथ.

महाराष्ट्राला हे दुखणं जुनंच आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल सोडला की हातकागद निघतो, शाईही अजून ठळक असते. पण मजकूर मोडीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जाणारी ही लिपी आज मोजक्यांनाच वाचता येते. कागद अडीचशे वर्षं टिकला, वाचणारे तीन पिढ्यांत विरळ झाले. दस्तऐवज जपायचा तर वस्तू जपावी लागते आणि ती वाचायची रीतही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कार्यालयीन कागदपत्रांसाठी जी मानकं तयार झाली, त्यांतली बरीचशी या रीतीसाठी आहेत.

आधी अक्षरांचं बघू. संगणकाला ‘म’ कळत नाही, आकडा कळतो. ६५ म्हणजे रोमन लिपीतला मोठा ‘ए’, हे अमेरिकी मानकाने १९६० च्या दशकातच ठरवून टाकलं होतं. मराठी टायपिंगसाठी आपल्याकडे त्यावर एक जुगाड निघाला. फाइलमध्ये ६५ च लिहायचा, मात्र फॉन्टमध्ये ६५ क्रमांकाच्या घरात ‘ए’ऐवजी देवनागरीचा एखादा तुकडा काढून ठेवायचा: अर्धा क, रफार, उकार, काहीही. पडद्यावर आणि कागदावर झकास मराठी दिसायची. पण फाइलच्या दृष्टीने ते निरर्थक इंग्रजीच होतं. शिवाय घरांची वाटणी प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळे एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडला की भुताटकी. भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारं इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्येच आलं होतं. डीटीपीच्या धंद्याने ते फारसं मनावर घेतलं नाही.

जगभरच्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाने हा घोळ मुळातून मिटवला. तिथे देवनागरीची पंगत २३०४ या क्रमांकापासून बसते; ‘क’ २३२५ वर, ‘म’ २३५० वर, जगातल्या कुठल्याही यंत्रात, कुठल्याही फॉन्टमध्ये. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच मानक म्हणून स्वीकारलं. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडात स्वतःची जागा मिळाली. जुन्या फाइली मात्र आपोआप सुधारत नाहीत. त्यांच्यासाठी परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टचे आकडे युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्रॅम लागतो, आणि परिवर्तकाची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे पहिली वेलांटी. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी साठवली जाई आणि मग क, कारण डोळ्याला तसं दिसतं. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, कारण उच्चार तसा होतो. रफाराचंही तसंच उलटंसुलटं. सोसायटीच्या फाइलमध्ये ‘पार्किंग’चं पहिल्या फटक्यात ‘पािर्कंग’ झालं ते यामुळेच.

आता रुमालाकडे वळू, म्हणजे ज्यात मजकूर बांधला जातो त्या फाइलीकडे. घरी एक प्रयोग करून बघा. वर्डमधली एखादी डॉक्सएक्स फाइल घ्या, तिची प्रत काढा (प्रतच, मूळ फाइल नको) आणि नावाची शेपटी बदलून ‘झिप’ करा. ती सरळ उघडते! आत कप्पे दिसतील: एकात मजकूर, एकात शैली, एकात चित्रं. मजकुराची एक्सएमएल फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर खुणांच्या गर्दीत तुमची वाक्यं चक्क वाचता येतात. त्याआधीच्या डॉक फाइलमध्ये अशी सोय नव्हती. ती एका कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने बांधलेली गाठ होती आणि ती सोडवायची रीत मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये येऊन सगळ्यांसाठी खुली केली.

हे उघडं बांधकाम आधी आलं ते ओडीएफ या फाइलप्रकारात. सन कंपनीच्या स्टारऑफिस या कार्यालयीन प्रोग्रॅममधून ओपनऑफिस निघालं, त्याच्या फाइलरचनेवरून ओडीएफ तयार झालं आणि २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने ते मानक म्हणून जाहीर केलं. पुढच्याच वर्षी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेची मोहोर उमटली. मायक्रोसॉफ्टने उत्तरादाखल स्वतःचं ओओएक्सएमएल (डॉक्सएक्स त्यातलीच) पुढे केलं. त्याचं कागदी बाड होतं सहा हजारांहून अधिक पानांचं. त्यात काही सूचना अशा, की अक्षरांमधली मोकळी जागा ‘वर्ड ९५ सारखी ठेवा’. आता वर्ड ९५ कशी ठेवत होतं, हे ज्याने ते बनवलं त्यालाच ठाऊक. आणखी एक गंमत. एक्सेलमध्ये तारखा म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले आकडे असतात, आणि त्यात ६० या आकड्याला २९ फेब्रुवारी १९०० अशी तारीख येते. १९०० हे लीप वर्ष नव्हतंच! लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली चूक, त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने पुढे चालवली आणि ती थेट मानकाच्या मसुद्यात जाऊन बसली.

आयएसओच्या मतदानात भारताने २००७ मध्ये या मसुद्याविरुद्ध मत दिलं, २००८ मध्ये ते कायम ठेवलं. तरी मानक मंजूर झालं. ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांच्यासह भारताने अपीलही केलं, ते फेटाळलं गेलं. मला विचाराल तर त्या भांडणाचा फायदा वापरणाऱ्यांनाच झाला. गाठ कशी बांधली आहे ते लिहून द्यावं लागेल, हे तत्त्व त्यानंतर कुणी नाकारू शकलं नाही.

ज्या कागदात आता बदल करायचा नाही, त्याचं घर निराळं. पीडीएफ १९९३ पासून आहे, पण जपणुकीसाठी तिचा एक पथ्याचा प्रकार २००५ मध्ये ठरला: पीडीएफ/ए. फॉन्ट फाइलच्या पोटातच हवेत, कुलूप नको, आवाज-चित्रफिती नकोत, बाहेरून काही ओढून आणायचं नाही. शिदोरी बांधूनच निघायचं. मात्र मराठी वाचकाने इथे एक मेख लक्षात ठेवावी. पीडीएफ मुळात अक्षरांचे आकार ठेवते, अक्षरं ठेवेलच असं नाही. ‘क्ष’ हा युनिकोडच्या लेखी क, हलन्त चिन्ह आणि ष असा तिघांचा संसार. पीडीएफमध्ये तो फॉन्टमधला अमुक क्रमांकाचा एकच आकार होऊन बसतो. त्या आकाराचं मूळ काय हे सोबत नोंदलं नसेल, तर डोळ्यांना सुरेख मराठी दिसते, पण शोध घेतला की काही सापडत नाही आणि कॉपी केलं की कचरा येतो. म्हणून पीडीएफ/ए मध्ये पायऱ्या आहेत. ‘बी’ पायरी फक्त दिसण्याची हमी देते. २०११ च्या आवृत्तीत आलेली ‘यू’ पायरी प्रत्येक आकारामागचा युनिकोडही मागते. ‘ए’ पायरीवर शीर्षक, परिच्छेद, तक्ता अशी रचनाही नोंदवावी लागते, म्हणजे पडदावाचक वापरणाऱ्या अंध व्यक्तीला तो दस्तऐवज नीट ऐकता येतो. मराठी कार्यालयांनी ‘बी’वर समाधान मानणं म्हणजे छायाचित्रं साठवून ग्रंथालय म्हणवून घेणं.

कागद वाचता आला तरी तो खरा कशावरून? त्यासाठी फाइलचा ठसा काढतात. शा-२५६ नावाची गणिती रीत कितीही मोठ्या फाइलमधून ६४ चिन्हांची एक ओळ काढते. हजार पानांत एक अनुस्वार हलवला तरी ती ओळ ओळखीपलीकडे बदलते. हा ठसा सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद केला की झाली डिजिटल सही. महाराष्ट्रात सातबारा २०१८ पासून अशा सहीचा मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना सोबतच्या प्रमाणपत्रात हा ठसाही लिहावा लागतो. सहीमागचं प्रमाणपत्र मात्र दोन-तीन वर्षांत संपतं. म्हणून सही केली त्या क्षणी ते चालू होतं याचा वेळेच्या शिक्क्यासह पुरावा फाइलमध्येच भरून ठेवायची पद्धत आता रूढ होते आहे. आणि डिजिटल सहीच्या फाइलची प्रिंट काढून, तिच्यावर गोल शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून पाठवणाऱ्या सर्वांना नम्र निवेदन: सही पहिल्याच पायरीला मेली. उरलं ते तिचं चित्र.

साठवायचं कशावर, याचं उत्तर दर दहा वर्षांनी बदलतं, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. कागद जळतो, हे मंत्रालयाने २१ जून २०१२ ला पाहिलं. चुंबकीय फीत म्हणजे जुनाट असं वाटतं, पण मोठी माहितीकेंद्रं अजून तिलाच धरून आहेत. एलटीओ-९ जातीच्या एका कॅसेटमध्ये १८ टेराबाइट मावतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ७५ मिलिमीटर चौरस काचेच्या तुकड्यात लेझरने एक अख्खा चित्रपट कोरून दाखवला. पण काच हजारो वर्षं टिकली, तरी ती वाचायचं यंत्र तोवर हवं ना.

काय किती दिवस ठेवायचं, हे आपल्या कचेऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘ड’ वर्षभर, आणि मुदत संपलेल्या कागदांची निंदणी, शब्दच शेतातला. संगणकातल्या फाइलींची निंदणी कुणी करत नाही. जागा स्वस्त आहे ना! मग ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेबांनी पाहिलेली’ अशा तणात नेमकी खरी प्रत हरवते. पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने यासाठी फाइलीसोबत तिची कुंडली जपण्याचं मानक तयार केलं आणि २०१३ मध्ये केंद्राने ते अधिसूचित केलं. फाइल कुणी केली, कशात केली, कधी बदलली, ठसा काय, हे सगळं त्या कुंडलीत बसतं.

आमच्या सीडीला अशी कुंडली नव्हती. पण त्या काळी डीटीपी करणाऱ्या एका ओळखीच्याने पडदा पाहताच फॉन्ट ओळखला. परिवर्तक लावून आणि वेलांट्या हाताने सरळ करून एका रविवारी इतिवृत्त वाचण्यासारखं झालं. सात क्रमांकाचा ठराव निघाला. ‘पार्किंगचा विषय पुढील सभेत घेण्यात यावा. सर्वानुमते मंजूर.’